रंग फासलेला लेथ

मित्रांनो, मी एका कॉलेजच्या कार्यशाळेतला जुना लेथ आहे, आणि आज गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. लोखंडाचा तुकडा जबड्यात धरून गरागरा फिरवायचा, धारदार हत्याराने तासून त्याला आकार द्यायचा, हे माझे काम. काम होते, म्हणा.

पहिली वीस वर्षे कष्टाची आणि सुखाची गेली. तेव्हाचे मास्तर नव्या मुलांना आधी माझा आवाज ऐकायला लावत. "कुरकुरतोय का? मग तुझं चुकतंय, त्याचं नाही," असे म्हणत. संध्याकाळी माझ्याखालचा ट्रे कुरळ्या किसाने भरून जाई. मुले गेली की मास्तर स्वतः मला पुसून तेल पाजत.

मास्तर निवृत्त झाले. नव्या साहेबांना मोडतोड नको होती. त्यांनी माझी वायर काढून कपाटात ठेवली आणि गळ्यात पाटी अडकवली, 'हात लावू नये.'

वर्षातून एकदा मात्र माझी आठवण होते. शाळा संपवलेली मुले घरच्यांसह कॉलेज पाहायला येतात तेव्हा. यंदा तर मला हिरवा रंग फासला. ज्या गुळगुळीत पट्ट्यांवरून हत्यार सरकते, त्यांच्यावरसुद्धा!

पाहुण्यांचाही मला संताप येतो. हिरवळ पाहतात, कॅन्टीनमध्ये चहा पितात, "केवढं मशीन!" म्हणतात आणि जातात. घर घेताना प्रत्येक नळ सोडून बघणारी ही माणसे मुलांची उमेदीची वर्षे नुसता रंग बघून देऊन टाकतात.

यंदा एक मुलगी मावशीबरोबर आली. प्रवेशाचा भरलेला अर्ज तिच्या हातात होता. तो त्याच दिवशी द्यायचा होता. मावशी पंपांच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे रोज माझ्याच जातीच्या यंत्रावर उभी राहणारी.

"इथे आमची मुलं प्रत्यक्ष काम करतात," साहेब सांगत होते.

मावशीने वाकून माझ्या पट्टीवर नख ओढले. हिरवे पोपडे निघाले. तिने भाचीकडे नुसते पाहिले.

"सर, हा चालू करून दाखवता?" मुलीने विचारले.

"आज लाइट नाहीत."

सगळ्यांनी वर पाहिले. डोक्यावर चार दिवे लखलखत होते.

"मग पुढच्या आठवड्यात येऊ?"

"आधी प्रवेश तर घ्या. मशीन काय पळून जातंय?"

"रंगानं चिकटलंय. पळेल कसं?" मावशी म्हणाली.

पाहुण्यांना फिरवायला बिल्ला लावलेली तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. मुलगी तिच्याकडे वळली. "ताई, तू यावर काय बनवलंस?"

ताईने साहेबांकडे पाहिले. "काहीच नाही. आम्ही वहीत याची आकृती काढतो."

"तुला कोणी विचारलं?" साहेब कडाडले.

"मी विचारलं," मुलगी म्हणाली.

तिने अर्जाची घडी करून पिशवीत टाकली. जाताना पाटीच्या देखत माझ्या जबड्यावर तळहात ठेवला. कित्येक वर्षांनी मला कुणाचा ऊबदार हात लागला.

पाटी लागल्यापासून माझ्याजवळ शिकायला यावी अशी एकच मुलगी आली, आणि ती निघून गेली याचा मला आनंद झाला! यंत्रावर याहून वाईट वेळ कोणती?

साहेबांनी ताईचा बिल्ला काढून घेतला. बाकीच्या पाहुण्यांनी हे सगळे ऐकले होते, तरी रांग लावून अर्ज दिले. एका गृहस्थांनी तर मला टेकून फोटो काढला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कॉलेज बघायला जाल. यंत्र चालू करायला सांगा. तिथल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा. कोणी तोंड वाकडे केले तर करू द्या. आणि प्रश्न गिळूनच घरी जायचे असेल, तर निदान माझ्या शेजारी उभे राहून हसू नका. मी शोभेची वस्तू नाही. मला तसे करून ठेवले आहे.