कोपरवरची फेरी

संदेशदादा खोटं फार छान बोलायचा. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसातून हेलिकॉप्टर आणि छोटी विमानं भाड्याने जातात, आणि त्यातला लग्नांचा सगळा कारभार त्याच्या या खोटं बोलण्यावर चालायचा. हेलिकॉप्टर साडेचारला येणार असलं की तो वऱ्हाडाला ठासून साडेतीन सांगायचा. वऱ्हाड कधी वेळेवर निघालंय? बेंजोवाले थांबत नाहीत, मामा सापडत नाही, फेटा परत बांधावा लागतो. मग चारच्या सुमाराला दादा फोनवर ओरडायचा, "अरे, पायलट चालला परत!" नवरदेव धावत मैदानात यायचा, आणि हेलिकॉप्टर तेव्हा कुठे जुहूहून उडालेलं असायचं. अख्ख्या कल्याण तालुक्यात त्याचं एकही लग्न चुकलं नाही.

या मोसमात आमच्या सुमित सरांनी एआय सिस्टिम आणली. चौकशीला उत्तर तीच देते, दर तीच सांगते, हवामान पाहून मार्ग तीच आखते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं गोड मराठी लिहिते की आमच्यापैकी कुणाला ते जन्मात जमणार नाही. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझं जेवण आता डब्यात गार होत नाही, ते तिच्यामुळेच. पण ती खोटं बोलत नाही. संदेशदादाला सरांनी तिच्यावर देखरेखीला बसवलं आणि वर बजावलं, "महिनाभर मध्ये बोट घालू नकोस. तिचं तिला करू दे." हे दादाला फार झोंबलं. तो तिला "मॅडम" म्हणायला लागला आणि दिवसभर खुर्चीत मागे रेलून बसायला लागला. शेजारच्या टेबलावरून मी त्याला चिडवायचे, "दादा, मॅडमना चहा सांगू का?" तो हसायचासुद्धा नाही.

सूरजचं बुकिंग मात्र मॅडम यायच्या आधीचं, दादाने स्वतः घेतलेलं. सूरज खडवलीकडच्या एका आगरी गावातला. आई लहानपणीच गेली, वाढवलं ते सगुणाआत्याने. ही आत्या धवलारीण. आगरी लग्नात भटजींच्या आधी तिचा मान. ती धवला हे लग्नाचं गाणं गाते, तेव्हा तिथे देव येतात. अर्ध्या गावाची लग्नं तिने गाऊन लावलेली. पण दिवाळीत तिचं खुब्याचं हाड मोडलं. कोपर स्टेशनजवळ लेकीकडे चौथ्या मजल्यावर पडून होती, आणि गाडीत बसायला डॉक्टरांनी साफ मनाई केलेली. फोनवरून गा म्हटलं, तर तिने झिडकारलं. देवाचं गाणं फोनवर नाय, नवरदेव डोळ्यांसमोर पायजे, असं तिचं म्हणणं.

मग दादानेच तोड काढली. खडवलीहून निघालेलं हेलिकॉप्टर कल्याणच्या मैदानात उतरायच्या आधी कोपरवर एक फेरी मारेल. आत्याला खुर्चीतून वरच्या गच्चीवर न्यायचं, तिने नवरदेवाला बघून धवला गायचा. हे सांगायला तो स्वतः कोपरला गेला. "आत्या, शब्द दिला तुम्हाला," असं बोलून आला, आणि मला आठवडाभर त्यांच्याकडच्या तांदळाच्या भाकरीचं कौतुक ऐकवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मॅडमनी सूरजला मेसेज पाठवला. हेलिकॉप्टर बरोबर साडेचारला येईल, कृपया वेळेवर उपस्थित राहावे. दादाने तो स्क्रीनवर वाचला, मीही वाचला. सूरजकडच्या भावकीतली दोन लग्नं दादानेच उडवलेली. साडेचार म्हणजे साडेपाच, हे तिकडे आता लहान पोरांनासुद्धा पाठ होतं.

"दादा, फोन कर ना त्यांना," मी म्हटलं.

"मला कशाला सांगतेस? मॅडम आहेत की."

"अरे, ते वेळेवर नाही यायचे."

"मग पडू दे ना एकदा तोंडावर! सरांनाही कळेल."

मी परत माझ्या कामाकडे वळले. राग त्याचा होता आणि तो मला पटतही होता.

दुसऱ्या दिवशी साडेचारला हेलिकॉप्टर खडवलीच्या मैदानात उतरलं. नवरदेव साडेपाचला आला, तोही मजेत, नाचत. आमच्या स्क्रीनवर सूर्यास्ताची वेळ लाल झाली. अंधाराच्या आत पायलटला जुहूला परतणं भाग होतं. मॅडमनी क्षणात हिशेब केला आणि सूरजला लिहिलं, "वेळेअभावी कोपरवरील फेरी रद्द करण्यात येत आहे. शुभविवाहाच्या हार्दिक शुभेच्छा." खाली कमळाचं चित्र.

दादा ताडकन उठला. पायलटला फोन लावला, हातापाया पडला. पायलट म्हणाला, "संदेश, उजेड मी कुठून आणू?" त्याचं काय चुकलं? मग सूरजचा फोन आला. मागे हेलिकॉप्टरच्या पंख्याचा आवाज, त्यात त्याचं ओरडणं, "दादा, आत्या गच्चीवर बसलेय रे! तासभर झाला बसलेय!" सर केबिनमध्येच होते. पण मॅडमची चूक त्यांना दाखवायला दादा गेला नाही.

सकाळी आम्ही दोघं कोपरला गेलो. सरांनी बिचाऱ्यांनी ऐकल्या ऐकल्या फुकट फेरी कबूल केली होती. आत्या कॉटवर पडून होती. अंगावर कालचंच नवं लुगडं, हातात धवल्यासाठी भरलेला हिरवा चुडा. उशाशी तिची नात ऋतिका बसलेली, ती आमच्याकडे बघेना.

"आत्या, रविवारी सूरजला घेऊन येतो," दादा म्हणाला. "तुमच्या डोक्यावरून फिरवतो. हव्या तेवढ्या फेऱ्या. पैसे नकोत."

"लगीन लागलं त्याचं," आत्या म्हणाली. "आता गाऊन काय करू? धवला लग्नाच्या आधी गातात रं पोरा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. बेंबीच्या देठापासून शिव्या घातल्या असत्या तरी आम्ही खाल्ल्या असत्या. ती नुसती चुड्याशी चाळा करत राहिली.

"चूक मशीनची झाली, आत्या," दादा घाईघाईने म्हणाला. "तिला आपली माणसं कळत नाहीत."

आत्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मशीन नवीन हाय. तुला तं कळतात ना? काल तू कुठं व्हतास?"

दादाकडे पायलट, तहसीलदार, सासरे, सगळ्यांना वेळेवर एक खोटं तयार असायचं. खरं तर मनातून मलाही तेच हवं होतं, एखादं चांगलंसं खोटं, म्हातारीला बरं वाटेल असं.

"मशीनसमोरच होतो, आत्या," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

आत्याने डोळे मिटले. मग ऋतिकाला म्हणाली, "ह्यो चुडा काढ."