चढावर दमणारी गाडी

फुगेवाल्या काकांची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा भाऊजी हात पुसायचं निमित्त करून आत निघून गेले. वहिनीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

वहिनी म्हणजे गॅरेजची अर्धी मालकीण. भाऊजी तिला वहिनी म्हणत, म्हणून अख्खी गल्ली म्हणे. गॅरेज मुळात दोघा भावांचं. थोरला, म्हणजे तिचा नवरा, जाऊन तीन वर्षं झाली होती. पण गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून तो काही हलला नव्हता. "दादा असते तर नुसता आवाज ऐकून सांगितलं असतं," असं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बोलून जाई. बोलणाऱ्याच्या मनात काही नसे. धाकट्याची मान मात्र दर वेळी थोडी खाली जाई.

फुगेवाले काका फुगे विकत नसत. डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात ते निरीक्षक होते. रोज सकाळी ठरलेल्या मिनिटाला एक मोठा पांढरा फुगा आभाळात सोडायचा, हे त्यांचं काम. फुग्याला टांगलेलं चिमुकलं यंत्र वर वर जाताना हवेचा दाब कळवत राही. त्या मिनिटाला काका कधी चुकले नव्हते. या महिन्यात दोनदा चुकले. गाडी खाली शहरात सुतासारखी सरळ चाले आणि चढ लागला की धाप लागल्यासारखी करे. मागून येणारे ट्रकसुद्धा पुढे निघून जात.

"परवा एक सायकलवाला बरोबरीने चालला होता," काका म्हणाले. "वर त्याने मला हात केला."

भाऊजींनी स्कॅनर लावला होता. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जोराने हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, प्रेशर कमी, एवढंच ते यंत्र पुन्हा पुन्हा सांगत होतं. त्यांनी आधी सेन्सर बदलला, मग एअर फिल्टर बदलला, टर्बोची झडप उघडून साफ केली. आता त्यांनी हात टेकले होते.

"टर्बोच गेलाय," ते आतून म्हणाले. "नवा मागवतो."

वहिनीने बॉनेट उघडून टर्बोच्या पंख्याला बोट लावलं. पंखा हलका फिरला, कुठे घासला नाही की डुगडुगला नाही. गेलेला टर्बो असा फिरत नाही.

"भाऊजी, उद्या मी काकांबरोबर वर जाऊन येते. गाडी जिथे दमते तिथेच तिला बघू. तोवर काही मागवू नका."

"जा की," भाऊजी म्हणाले. त्यात राग नव्हता. नुसता थकवा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते निघाले. मागच्या सीटवर फुग्याचा खोका, वहिनीच्या मांडीवर स्कॅनर, पायाशी पायपंप आणि साबणाच्या पाण्याची बाटली. शेवटची घरं मागे पडली तसं धुकं खाली उतरून आलं. रस्ता गाडीपुढे चार हात उलगडे आणि मागे लगेच मिटून जाई. झाडं आधी सावल्या होऊन येत, मग झाडं होत, मग पुन्हा सावल्या. वहिनीला वाटलं, आपण चढत नसून कुणीतरी आपल्याला अलगद वर ओढून घेतंय, आणि ओढणाऱ्याचे हात भरून आलेत.

मांडीवरचे आकडे मात्र जागे होते. इंजिन हवेचा दाब दोन पॉइंट एक मागत होतं. मिळत होतं एक पॉइंट चार. काकांनी पाय दाबला की मागणं वाढे, मिळणं तेवढंच राही.

"वारा येतोय, पण वाटेत कुठेतरी सांडतोय," ती म्हणाली.

"म्हणजे गळती."

"हो. पण खाली उभ्या गाडीत ती दिसत नाही. उभ्या गाडीत दाबच नसतो ना."

काकांनी मान डोलावली. दाबाच्या गोष्टी त्यांना समजावून सांगाव्या लागत नव्हत्या.

माथ्यावर पोचले तेव्हा मोजून सात मिनिटं उरली होती. गाडी बाजूला टाकून काका पळाले. वहिनीही खोका घेऊन मागे पळाली. पत्र्याच्या उंच खोलीत फुगा भरायला लागला. आधी तो जमिनीवर लोळला, मग उठून बसला, मग त्याला उभं राहायचं सुचलं. त्याचं पांढरं कातडं ताणत ताणत इतकं पातळ झालं, की पलीकडची खिडकी त्यातून दुधाळ दिसायला लागली.

"धरा," काका म्हणाले, आणि दोरी तिच्या हातात देऊन यंत्र तपासायला वळले.

दोरी वर ओढत होती. जोरात नाही, लहान मूल बोट धरून ओढतं तशी. बाहेर धुकं विरळ झालं होतं. काकांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि तिने मूठ उघडली. फुगा गेला. आवाज म्हणून झाला नाही. ती मान वर करून बघत राहिली. पांढऱ्यात पांढरं मिसळेपर्यंत, आणि मिसळल्यावरही थोडा वेळ.

"वर जाईल तसा फुगत जातो," काका म्हणाले. "बाहेरचा दाब कमी होतो ना. शेवटी फुटतो. तोवर जेवढं सांगायचं तेवढं सांगून घेतो."

तिचे हात अजून वरच होते.

मग ती गाडीकडे आली. टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून तिने तिथे बरोबर आणलेलं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. झाकणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह जोडलेला होता. काकांनी पायपंप मारायला घेतला. ती पाइपांवर साबणाचं पाणी मारत गेली. एका जोडावर काही नाही, दुसऱ्यावर नाही, हवा गार करणाऱ्या इंटरकूलरवरही नाही.

"हवा धरून ठेवतंय," काका धापा टाकत म्हणाले.

वहिनी बंपरवर टेकली. तासाभरात इंजिन पार गार झालं होतं. गार आहे तोवर बंद, तापलं की उघडं, असं काही असेल तर? रबर तापलं की मऊ पडतं.

"काका, एक चक्कर मारू. खालच्या वळणापर्यंत जाऊन पुन्हा वर. आणि आल्या आल्या पंप."

चक्कर मारून आले. इंजिनातून गरम वाफ अंगावर येत होती. तिने पुन्हा झाकण बसवलं. काकांनी पंप मारला. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या पोटाखाली, जिथे नजर पोचत नाही तिथे, एक बुडबुडा आला. मोठा होत गेला, त्यावर सकाळचा उजेड रंगीत होऊन फिरला, आणि फुटला. मागोमाग दुसरा आला.

"सापडलं," ती हळूच म्हणाली.

पाइपावर उष्णतेपासून वाचवायला काळं विणलेलं वेष्टण घातलं होतं. पाइप काढून तिने ते मागे सरकवलं आणि तिचा हात थांबला. आत रबराला बोटभर चीर होती. चिरीवर रबरी टेप गुंडाळलेली. टेपवर तारेचे सात वेढे, शेवटी तारेला पीळ; आणि पीळ उलट्या बाजूचा.

असा पीळ एकच माणूस घालायचा. तिचा नवरा डावखुरा होता.

पहिल्यांदा तिला नुसतं बरं वाटलं. जणू तो आत्ताच पक्कड खाली ठेवून हात धुवायला गेला होता. तिने तारेवरून अंगठा फिरवला. वेढे कसे एकसारखे, एकाला एक चिकटून. मग तिला राग आला. काम करायचं तर पक्कं, नाहीतर हातच लावायचा नाही, असं जन्मभर सगळ्यांना ऐकवणारा माणूस इथे टेप गुंडाळून मोकळा झाला होता. तापून तापून टेप सुटली होती, आणि तीन वर्षांनी धाकटा भाऊ त्यापायी तोंड लपवत होता. ती थंड गवतावर बसून राहिली. पाइप मांडीवर होता. धुकं जवळून जात होतं.

"कुणाचं काम हे?" काकांनी विचारलं.

"आमच्याच घरातलं."

काकांना आठवलं. "हो, हो. दादांनी केलं होतं एकदा. घाईत होतो मी. तात्पुरतं करतो म्हणाले, पुढच्या खेपेला नवा घालू. पुढची खेप..." ते मध्येच थांबले.

"राहिली," वहिनी म्हणाली.

पाइप तसाच परत बसवून ते खाली आले. उतारावर टर्बोवाचून काही अडत नाही.

भाऊजी गॅरेजच्या दारातच उभे होते. वहिनीने पाइप काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी वेष्टण सरकवलं. बराच वेळ ते तारेकडे बघत राहिले. मग एका जुन्या टायरवर बसले.

"वहिनी, हा पाइप मी दोनदा हातात धरला होता."

"मग?"

"वेष्टण उघडलं नाही. दादाने घातलेलं आहे, हे ओळखलं होतं मी. म्हटलं, हे पक्कंच असणार. बाकी सगळं उघडलं, हेच तेवढं सोडलं."

वहिनी त्यांच्या शेजारी दुसऱ्या टायरवर बसली. रस्त्यावरून कुणीतरी भाऊजींना हाक मारली. त्यांना ती ऐकू आली नाही.

"घाई झाली की तो असंच करायचा," ती म्हणाली. "घरातला नळ त्याने पाच वेळा दुरुस्त केला. शेवटी मी प्लंबरला बोलावलं, आणि त्याला पत्ता लागू दिला नाही."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. "दादाने?"

"दादानेच."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग खांदे हलायला लागले. ते हसत होते की रडत होते, हे वहिनीने निरखून पाहिलं नाही. तिचीही तीच गत झाली होती.

संध्याकाळी भाऊजींनी स्वतः नवा पाइप घातला. क्लिपा दोनदा आवळल्या आणि तिसऱ्यांदा हात लावून पाहिलं. सकाळी तिघेही वर निघाले. भाऊजी गाडी चालवत, काका मागे खोका सांभाळत. चढ लागला. इंजिन मागेल तेवढं मिळतंय, असं वहिनीच्या मांडीवरचे आकडे सांगत होते. गाडी धुक्यात शिरली, आणि चढ आहे हे फक्त झाडं तिरकी दिसत होती म्हणून कळत होतं.

"धापा नाहीत," काका मागून म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

भाऊजी एका हाताने वळण घेत होते. तीन वर्षांत वहिनीने त्यांना इतकं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "वहिनी, अजून काय काय चुकायचं त्याचं?"

वहिनीने स्कॅनर बंद करून बाजूला ठेवला. वरपर्यंत अजून अर्धा तास होता.

"कुठून सुरुवात करू," ती म्हणाली, आणि सांगायला लागली.