कैदाशिणीच्या हाताखाली

त्या घरात दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. दोघी मिळून पडदे शिवायच्या. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी समोरासमोर, मध्ये कापडाचे तागे आणि भिंतीवर टीव्ही. तो असा बेतानं लावला होता की मान फारशी न वळवता दोघींनाही दिसावा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. शिवून झालेले पडदे गिऱ्हाइकांच्या घरी नेऊन दांड्यांवर चढवायचं काम त्यांचं.

संध्याकाळी एक कार्यक्रम लागायचा. अनोळखी माणसांना एका बंगल्यात कोंडायचं, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे लावायचे आणि मग ती एकमेकांशी कशी भांडतात ते बघायचं. दर आठवड्याला लोकांनी मतं देऊन एकाला घरी पाठवायचं. त्या वेळेला या घरात भाजी करपली तरी कोणी उठत नसे.

त्या वर्षी बंगल्यात एक पोहायला शिकवणारी बाई होती. उंच, रुंद खांद्यांची, आवाज असा की टीव्हीचा आवाज कमी करावा लागे. एका भागात तिनं कहरच केला. बंगल्यातला सगळ्यात म्हातारा गडी जेवायला बसला होता. ही तरातरा आली, त्याच्यासमोरचं ताट ओढलं आणि सगळं अन्न कचऱ्याच्या डब्यात ओतलं. म्हातारा बघतच राहिला. मागे व्हायोलिन रडायला लागलं आणि इकडे धाकटीही.

"कैदाशीण मेली!" थोरली म्हणाली. "म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढला!"

तिनं स्वतःच्या फोनवरून मत दिलं, मग नवऱ्याच्या, मग दिराच्याही. आठवड्याच्या शेवटी कैदाशीण बंगल्याबाहेर पडली तेव्हा दोघी जावांनी एकमेकींना टाळी दिली.

पुढे थोरलीचा गुडघा फारच कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला आणि म्हणाले, "पोहायला जा."

"या वयात?"

"पाणी वय विचारत नाही, बाई."

जवळच झाकलेला तरण तलाव होता आणि तिथे दुपारी बायकांसाठी वर्ग असायचा. धाकटीनं पोहण्याचा पोशाख आणला, त्याला कोपरापर्यंत बाह्या जोडून दिल्या आणि थोरलीची रवानगी केली. थोरली कठड्याला धरून पायऱ्यांवरून पाण्यात उतरायला लागली. तेवढ्यात पलीकडे पाठमोरी उभी असलेली शिक्षिका वळली.

कैदाशीण!

थोरलीचा एक पाय पाण्यात आणि एक पायरीवर राहिला. पळून जावं असं मनात आलं, पण गुडघ्यानं पळायचं म्हणजे अवघडच. वर्गात मोजून तीन बायका होत्या. बाकीच्या तो टीव्हीवरचा कार्यक्रम पाहिल्यापासून फिरकल्याच नव्हत्या.

"काकू, कठडा सोडा!" कैदाशीण ओरडली. त्या उंच छताखाली हळू बोललेलं काही ऐकूच यायचं नाही, हे थोरलीच्या हळूहळू लक्षात आलं. दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. ओरडणारी बाई तीच, पण थोरलीच्या पाठीखाली तिनं धरलेला तळवा मात्र अगदी मऊ होता.

"मान सैल सोडा. छताकडे बघा. मी धरलंय."

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी थोरली छताकडे बघत असताना कैदाशीण शांतपणे म्हणाली, "काकू, मी मघाशीच हात काढलाय."

थोरली तरंगत होती! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गुडघा जागेवर आहे की नाही हेही कळत नव्हतं. तिला इतकं हसू आलं की तोंडात पाणी गेलं आणि ती थेट बुडाली. कैदाशिणीनं बखोट धरून वर काढलं. मग दोघी काठावर बसून खोकत हसत राहिल्या.

"एक विचारू का गं? राग नको मानूस," थोरली म्हणाली.

"त्या आजोबांचं ताट ना?" कैदाशिणीनं केस पिळले. "वरचा बल्ब फुटला होता, काकू. काचा ताटात पडल्या होत्या. त्यांना नीट दिसायचं नाही, ते कालवायला लागले. मग मी काय करणार?"

"पण ते तर दाखवलंच नाही!"

"ते कापलं."

थोरली विचारात पडली. "आम्हीही कापतो," ती म्हणाली, "पण उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत तरी देतो."

हे ऐकून कैदाशीण इतकी हसली की बाकीच्या बायका वळून बघायला लागल्या.

थोड्या दिवसांनी टीव्हीवाले तलावावर आले. 'बंगल्यातली माणसं आता काय करतात' असा भाग करायचा होता. मुलं गोड बोलणारी होती. थोरलीनं त्यांच्यासाठी खास तरंगून दाखवलं. मग ती बाहेर आली. पाण्यातल्या औषधानं डोळे नेहमीसारखे लाल झाले होते, ते पुसत ती चालायला लागली. "काकू! तिकडे नाही!" कैदाशीण ओरडली. तिकडची फरशी ओली होती.

तो भाग लागला तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं. पडद्यावर कैदाशीण ओरडली, "काकू! तिकडे नाही!" आणि लगेच थोरलीचा चेहरा, मोठाच्या मोठा. लाल डोळे, ती पुसतेय, मागे तेच व्हायोलिन. खाली अक्षरं आली : 'अजूनही तशीच!'

"बिचारी," थोरलीच्याच तोंडून निघून गेलं.

धाकटी हुंदके द्यायला लागली. "ताई, एवढं सोसलंत आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"अगं, पाण्यातलं औषध आहे ते! डोळे चुरचुरतात!"

"मला नका सांगू. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मी तिथे होते! ती बाई मीच आहे!"

"घाबरलीये ती," थोरलीचा नवरा भावाला हळूच म्हणाला. "उद्यापासून जायचं नाही."

तेवढ्यात थोरलीच्या बहिणीचा फोन आला. "तू लहानपणापासून सोशिकच," ती म्हणाली, आणि लहानपणी हिच्याच हातचा मार खाल्ल्याचं सोयीस्कर विसरली. थोरली समजावून समजावून थकली. स्वतःबद्दलच खरं सांगत होती, आणि घरात एकालाही पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तशी धाकटीही निघाली. हातात कापड मोजायची लोखंडी पट्टी. "तिला बघतेच आज," म्हणत ती ताडताड तलावाच्या काठाशी गेली.

"चपला काढा!" कैदाशीण पाण्यातूनच ओरडली.

धाकटीनं मुकाट्यानं चपला काढल्या, आणि मग आपण असं का केलं याचा तिला राग आला. पण तोवर थोरली पाण्यात उतरली होती. धाकटी बघत राहिली. दिवसा कधी पाठ न टेकणारी आपली जाऊ हात पसरून निवांत पडली होती, डोळे मिटून, आणि ती कैदाशीण बाजूला उभी राहून तिच्या मानेखाली बोटं टेकवून म्हणत होती, "छान, काकू. अस्सं."

बाहेर आल्यावर कैदाशिणीनंच टॉवेल दिला, खुर्ची ओढली. मग धाकटीकडे वळून म्हणाली, "तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"मग ही पट्टी कशाला आणलीत? खोली मोजायला?"

धाकटीनं पट्टी मागे लपवली. पुढच्या आठवड्यात तिनं आपल्याही पोशाखाला बाह्या शिवल्या.

गंमत म्हणजे टीव्हीवरच्या त्या भागानं वर्ग भरला. कैदाशीण कशी वागते ते बघायला बायका आल्या आणि पाण्यात उतरून बसल्या. त्यातली एक तर चक्क हिरमुसली. "टीव्हीवर किती ओरडायची! इथे तर नुसतंच 'श्वास घ्या, श्वास सोडा'." तिची कीव येऊन धाकटी म्हणाली, "चपला घालून काठावर जाऊन बघा."

संध्याकाळचा कार्यक्रम दोघींनी सोडला नाही. नवं वर्ष, नवी माणसं. या खेपेला लोकांची पांघरुणं लपवणारा एक गृहस्थ होता. तो हसला की व्हायोलिन नाही, ढोल वाजायचा.

"थांब, थांब," थोरली मशीन थांबवून म्हणाली. "आत्ता त्याच्या अंगात निळा सदरा होता. आता हिरवा कसा?"

"हो की! म्हणजे हसला तो दुसऱ्याच दिवशी, ताई!"

"इथे जोड आहे बघ. शिवण उसवलीये."

"अहो, जरा बघू द्या ना!" दोघे भाऊ एकदमच करवादले. पण जावांना आता नवाच नाद लागला होता. कुणाच्या पेल्यात पाणी वाढलं, घड्याळाचे काटे मागे कसे गेले, हे पकडण्यात पूर्वीपेक्षा जास्त मजा यायला लागली. पडदे शिवायचे राहिले तरी चालेल, पण एक जोड निसटता कामा नये.

आठवडा संपताना धाकटीनं फोन उचलला आणि त्या गृहस्थाला घालवायला मत दिलं.

"अगं, एवढं सगळं कळूनसुद्धा?" थोरली म्हणाली.

"कळलं ना. त्यानं पांघरुणं लपवली नसतील," धाकटी दोरा ओवत म्हणाली. "पण तो जेवताना मचमच फार करतो."