मिकाएलाचं मिकाएलाला

माझ्या भावजयीने, पेत्रोनाने, अंडी देणारी कोंबडी कापायला काढली तेव्हाच मी म्हटलं, "अगं, पाहुणी एक दिवस येणार, अंडी वर्षभर लागणार."

"ती मिकाएलाचे फोटो घेऊन येतेय, वन्सं. तिच्यापुढे काय नुसते घेवडे ठेवू?"

मी पिसं काढायला पाणी तापत ठेवलं. त्या फोटोंच्या आशेवर तर ती महिनाभर जगत होती.

मिकाएला तिची लेक, माझी भाची. ती सहा वर्षांची असताना शहरातल्या संस्थेने तिचं नाव लिहून घेतलं आणि कॅनडातली कुणी ग्वेनबाई तिच्या शाळेचा खर्च करू लागली. आम्ही तिला 'कागदावरची आई' म्हणायचो. मी जरा कुजकटपणे, पेत्रोना मनापासून. दरवर्षी संस्थेच्या निळ्या भिंतीपुढे पोरीला उभी करून फोटो काढायचे आणि तो विमानाने कॅनडाला जायचा. आमच्याकडे कधी एकही आला नाही. तेव्हा आमच्या डोंगरात कॅमेरा होता कुणाकडे?

मागच्या पावसाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. दवाखान्याचे पैसे ग्वेनबाई देणार होती, पण दरड कोसळून रस्ताच बंद झाला होता. पोर माझ्या भावाच्या खांद्यावरच गेली.

आम्हा माया लोकांत गेलेल्याचं सामान त्याच्याबरोबरच जातं, नाहीतर ते मागायला माणूस परत येतं आणि ना इकडचं ना तिकडचं होऊन अडकून राहतं. तिचा कंगवा, कप, आईने विणलेलं पोलकं, ग्वेनबाईने पाठवलेली बाहुली, सगळं तिच्या शवपेटीत ठेवलं. पुढे संस्थेचा सेबेरिनो तिला दिलेलं शाळेचं दप्तर परत न्यायला आला, तर पेत्रोना ताठ मानेने म्हणाली, "तिचं होतं, तिला दिलं. आमची रीत आहे तशी." त्याने ते ग्वेनबाईला जसंच्या तसं कळवलं.

मग एकदा मक्याच्या भाकऱ्या थापता थापता पेत्रोना थांबली. "वन्सं, हसताना तिच्या कुठल्या गालाला खळी पडायची हो?"

मलाही नक्की सांगता येईना. तिला लेकीचा चेहराच आठवेनासा झाला होता, आणि त्याची तिला इतकी लाज वाटत होती की नवऱ्याजवळही बोलली नव्हती. त्यानंतर निरोप आला, की बाई भेटायला येतेय, मिकाएलाचे सगळे फोटो घेऊन.

ग्वेनबाई आली. उंच, पांढऱ्या केसांची, रडून डोळे सुजलेले, नखांत माती. पाहुण्याकडे काही मागायचं नसतं, त्याने द्यायची वाट बघायची. पेत्रोना रस्सा वाढत राहिली आणि बाईच्या पिशवीकडे बघत राहिली. शेवटी मी सेबेरिनोला कोपराने ढोसलं. "विचार ना रे मेल्या, फोटो कुठेत."

त्याने तिच्या भाषेत विचारलं. बाई छातीवर हात ठेवून बराच वेळ बोलली. सेबेरिनो खाली बघत म्हणाला, "त्या म्हणतात, आधी मी कबरीवर गेले. हाताने माती उकरून तिचे फोटो तिला दिले. तुमची रीत मला ठाऊक होती. एकही मागे ठेवला नाही."

पेत्रोनाने पळी रश्श्यात बुडवली. मग ती म्हणाली, "सांग त्यांना, फार चांगलं केलंत." आणि तिने बाईला कोंबडीचा आणखी एक तुकडा वाढला.

मला त्या बाईचा भयंकर राग आला. रागवावं असं तिच्यात काहीच सापडेना, म्हणून तर जास्तच आला.

गाडी गेल्याबरोबर मी खुरपं उचललं आणि पेत्रोनाला ओढत कबरीवर नेलं. "काढ. पाप लागलं तर मला लागू दे. माझं वय झालंय आता."

ती गुडघ्यांवर बसली. हातानेच माती उकरली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पाकिटाचा कोपरा दिसला, तिने त्याला बोट लावलं. मग ती माती परत आत लोटू लागली.

"अगं, काय झालं?"

"दिलेलं काढून घेतलं तर ती मागायला येईल."

"येऊ दे की. तुला तेच हवंय ना?"

"हवंय, म्हणून तर," ती म्हणाली. "आली तर मी तिला परत जाऊ द्यायची नाही, वन्सं."

मी खुरपं बाजूला ठेवलं, आणि आम्ही दोघींनी माती सारखी केली.