वांग्याची मासोळी

“देठाकडला तुकडा त्याच्या ताटात टाकू नको व. मासोईले देठ असते काय?”

देवरावने बायकोला, तुळसाबाईला, तिसऱ्यांदा बजावलं आणि स्वतःच कढईसमोर बसला. भरताचं वांगं त्याने रोहूच्या तुकड्यांसारखं जाड, तिरपं कापलं होतं. मीठ लावून अर्धा तास ठेवलं, सुटलेलं पाणी फडक्यात दाबून काढलं. मग लसूण-तिखट-हळदीचं वाटण, मग पातळ बेसन, आणि शेवटी चहात बुडवायच्या टोस्टचा चुरा. चुऱ्याची युक्ती लेक ममताने यवतमाळच्या होस्टेलातून शिकून आणली होती.

“बाबा, चुरा दाबून बसवा. नाही तं तेलात सुटते.”

“मशिनीले ग्रीस लावता लावता जिंदगी गेली माई. मले नको शिकवू.”

सरकीच्या तेलात चर्र झालं. तुकडा बदामी होऊन वर आला. देवरावने तो नखाने वाजवून पाहिला. खट्. मग कालच्या खऱ्या मासोळीचा, धुऊन ठेवलेला काटा ताटाच्या कडेला मांडला आणि दोन पावलं मागे सरून आपली कारागिरी न्याहाळली.

“पोरीचं लग्नाचं वय झालं,” तुळसाबाई म्हणाली, “अन् बापाचं बालपण काही सरून नाही राह्यलं.”

देवराव दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये तेलपाणी करायचा. कापूस रोडावल्यापासून जिनिंग आठवड्यातून तीनच दिवस धडधडायचं. उरलेले चार दिवस देवराव आपल्या गावाच्या, बोरीच्या, वाट्याला यायचा. कुणाच्या सायकलची घंटी म्हशीच्या गळ्यात सापडायची, कुणाला सासऱ्याच्या नावाने चिठ्ठी यायची. लोक शिव्या देत आणि हसत.

आजचं गिऱ्हाईक मोठं होतं. पुंडलिकराव, गावाचा आचारी, देवरावचा शाळेपासूनचा दोस्त. बोरीत पंगत बसायची ती पुंडलिकरावच्या शब्दावर. तो पळीतलं वरण तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचा. सगळा मांडव थांबलेला. मग तो म्हणायचा, “बसवा पंगत.” त्या जिभेला फसवायचं देवरावच्या मनात वीस वर्षांपासून होतं.

हसायला माणूस हवं म्हणून त्याने शेजारच्या विमलताईलाही बोलावलं होतं. तिच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं, चारशे पानांचं. आचाऱ्याची सुपारी ती आज इथेच पुंडलिकरावच्या हातात देणार होती. कापसाचे दिवस फिरल्यापासून लग्नं घरच्या पन्नास माणसांत उरकत होती, त्यांना आचारी कशाला लागतो? पुंडलिकरावने दोन हंगाम लोकांच्या कपाशीत फवारणी करून काढले होते. हे त्याचं दोन वर्षांतलं लग्नाचं पहिलं मोठं काम.

विमलताई सुपारी हातात घेऊन आधीच बसली होती. पुंडलिकराव आला, पाय धुऊन ताटावर बसला. काटा पाहिला, तुकडा पाहिला.

“मासोई काय बे?”

“तूच सांग. जीभ तुही नावाजलेली.”

पुंडलिकरावने तुकडा तोडला. कुर्र आवाज झाला. त्याने डोळे मिटले. ममताने ओढणी तोंडात कोंबली.

“नदीची हाये,” पुंडलिकराव म्हणाला. “तलावाची असती तं चिखल लागला असता. ताजी हाये. मस्त झाली.”

देवराव मांडी थोपटत उठला. “अबे, वांगं हाये वांगं! पाह्य, बिया पाह्य!” त्याने एक तुकडा मोडून त्याच्या नाकासमोर धरला. ममता खिदळली, तुळसाबाईसुद्धा पदराआड हसली. पुंडलिकरावही हसला, पण सगळ्यांच्या मागून, त्यांची तोंडं पाहून.

विमलताई हसली नाही.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “वांगं नाही ओळखलं तुमी?”

तिने मोडक्या तुकड्यातल्या बियांकडे पाहिलं.

“मागच्या चौदा एप्रिलच्या पंगतीत वरणात मीठ दोनदा पडलं होतं. म्या म्हटलं, गडबडीत झालं असन.”

पुंडलिकरावने बोटं ताटाच्या कडेला पुसली. “दोन वर्सं झाले ताई. फवारा मारला, तोंडाले फडकं नव्हतं बांधलं. चार दिवस उलट्या झाल्या. मंग मी बरा झालो, पण चव गेली ते गेलीच. वास बी नाही येत. हाताच्या अंदाजानं रांधतो. बायकोले, रुपीले बी नाही सांगितलं. तिच्या भाजीले रोज मस्त म्हणतो.”

देवरावच्या हातातला मोडका तुकडा तसाच राहिला. त्याच्या बोटांना टोस्टचा चुरा चिकटला होता, तो झाडायचीही त्याला लाज वाटली.

“ताई, आमचं दोघाईचं ठरलं होतं,” तो घाईने म्हणाला. “नाटक होतं. तुमाले हसवाले.”

“राहू दे देवराव,” पुंडलिकराव म्हणाला. “मले दोन वर्सांत खोटं नीट नाही जमलं. तू आज कायले बोलतं?”

विमलताईने सुपारी पदराच्या गाठीत परत बांधली. “सांगते मंग,” म्हणाली. कधी, ते कुणी विचारलं नाही.

ती गेल्यावर देवराव ताट उचलायला वाकला. पुंडलिकरावने त्याचं मनगट धरलं.

“ठेव. हे कुरकुर करते. कानाले कळते.”

उरलेले तीन तुकडे त्याने सावकाश खाल्ले. घरात तेवढाच आवाज होता.

लग्नाला आचारी दारव्ह्याहून आला. पुंडलिकराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पंगतीत बसला, इतरांसारखा. वरण आलं. सवयीने त्याने थोडं तळहातावर घेतलं, चाटलं. समोरची दोन म्हातारी माणसंही सवयीने थांबून त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने तळहात पँटला पुसला.

देवराव वाढत होता. सकाळीच उठून तळलेले वांग्याचे तुकडे त्याने डब्यात आणले होते. इकडेतिकडे पाहून त्याने दोन तुकडे पुंडलिकरावच्या पत्रावळीवर ठेवले आणि तिथेच उकिडवा बसला.

बंद डब्यात तुकड्यांना वाफ धरली होती. पुंडलिकरावने घास तोडला. आवाज झाला नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मस्त झालं,” पुंडलिकराव म्हणाला.