पट्टी बांधली की माणूस नाही

मी एक पांढरी पट्टी आहे. चार बोटं रुंद, दीड-दोन हात लांब, कपाळाला बांधायची. जखमेची नव्हे हं, हे आधीच सांगते. जखमेची असते तर आज ताठ मानेने बोलले असते. माझं काम उलटं. मी ज्याच्या कपाळाला असते, तो माणूस तिथे नाहीच असं बाकीच्यांनी समजायचं. हसू नका. या बेंगळुरूत चांगली शिकली-सवरलेली माणसं हे समजतात, आणि अगदी मनापासून समजतात.

माझा जन्म बसवनगुडीचा. अंबूबाईंचं तिथे फॉल-पिकोचं दुकान आहे. घरी मराठी, दुकानात कन्नड, आणि चिडल्या की दोन्ही. परकरांचं उरलेलं पॉपलिन फाडून त्यांनी आम्हा बहिणींना कडेने शिलाई मारली. आम्हाला करून घेणारा त्यांचा भाचा अजिंक्य. तो समोर स्टुलावर बसला होता.

"एवढ्या पट्ट्या कुणाच्या कपाळाला रे? आणि पांढऱ्या? शुभ-अशुभ काही आहे की नाही तुम्हाला? स्वल्प अक्कल वापरावी माणसानं!"

"आत्ते, खेळ आहे तो."

"कपाळाला पांढरं बांधून कसला खेळ?" असं म्हणत म्हणत त्यांनी शिवून दिल्या. शिव्याही दिल्या आणि वर चहाही पाजला. बाई तशा मायाळू.

आता हा खेळ काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शहराबाहेर एक आंब्याची बाग आहे. महिन्यातल्या एका रविवारी अजिंक्य आणि त्याची मंडळी ती भाड्याने घेतात आणि दिवसभर एक राज्य करतात. सात घाटांचं राज्य. पाठ केलेलं नाटक नाही आणि बघायला प्रेक्षकही नाहीत. ज्याने त्याने आपापलं पात्र व्हायचं आणि सुचेल तसं बोलायचं, लढायचं, तह करायचे. गोष्ट एका रविवारी जिथे थांबते तिथून पुढच्या महिन्यात सुरू होते. अशी दोन वर्षं चालली आहे.

त्यात माणसांच्या दोन जाती. एक प्लेयर. त्याचं पात्र एकच, पहिल्यापासून तेच, त्याचं नाव सगळ्यांना पाठ. दुसरी जात कास्ट. कास्टने मिळेल ते व्हायचं. सकाळी दरोडेखोर, जेवणाआधी भिकारी, दुपारी भूत. प्लेयर जिंकावा म्हणून कास्टने मरायचं, आणि मेल्यावर झाडामागे जाऊन कपडे बदलून दुसरं कुणीतरी होऊन यायचं. ते जाणं-येणं दिसलं तर गोष्टीची मजा जाते ना! म्हणून मी. कास्टने मला कपाळाला बांधलं की प्लेयरने नजर वळवायची. एखाद्या नवख्याने विचारलं, "ती कोण चाललीय?" तर जुने म्हणतात, "तिथे कुणी नाही."

खरं सांगू? सुरुवातीला मला याचा तोरा होता. माणसाला नाहीसं करणारी मी! राजेराण्या मला बघून माना फिरवायच्या. परकराचं उरलेलं कापड मी, आणखी काय हवं होतं मला!

मी शिवलीलाच्या वाट्याला आले. ही निपाणीची. जे. पी. नगरात विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला. तिकडच्या बायका 'जातो-येतो' बोलतात, तशीच बोलायची. तिला या खेळात आणलं प्रणिताने. प्रणिता पुण्याची, कंप्युटरवाली. बनशंकरीत दोघी एका फ्लॅटमध्ये राहतात, एका कुकरमध्ये भात लावतात. खेळात प्रणिता म्हणजे सातव्या घाटाची राणी, आणि लीला म्हणजे कास्ट.

लीलाला प्लेयर व्हायचं होतं. तिने आपलं पात्रही मनात घडवून ठेवलं होतं. घाटावरची जकातवाली, राजालासुद्धा पैसे घेतल्याशिवाय सोडणार नाही अशी. पोळ्या लाटताना ती जकातवालीसारखी बोलायची आणि प्रणिता हसून हसून लोळायची. पण अजिंक्यला विचारलं की त्याचं एकच. "पुढच्या सीझनला नक्की गं. तुझ्यासारखं मरायला येतं का कुणाला? तू प्लेयर झालीस तर माझे दरोडेखोर होऊन कोण मरेल?" लीला म्हणायची, "होय की, तेबी खरंच." घरी आल्यावर मात्र मला धुताना जरा जास्तच पिळायची.

एक नियम सांगायचा राहिला. कुणाला खरोखर लागलं, भोवळ आली, तर 'होल्ड' म्हणून ओरडायचं. सगळा खेळ जागच्या जागी थांबतो. नियम चांगला आहे. पण एकदा कास्टमधल्या श्रीवत्सला ऐन लढाईत गांधीलमाशी चावली आणि तो होल्ड म्हणून ओरडला. लढाई मोडली ती पुन्हा रंगलीच नाही. कुणी रागावलं नाही हो. नुसतं महिनाभर त्याला 'माशी, माशी' म्हणत राहिले. त्यानंतर होल्ड म्हणायला सगळ्यांची जीभ जड झाली. नियम कागदावरून कुणी खोडला नाही, पण तोंडातून गेला.

मग तो रविवार आला. त्या दिवशी सातव्या घाटाचा तह व्हायचा होता. दोन वर्षं प्रणिता ज्यासाठी खपली तो तह. नऊवारी, कंबरपट्टा, मागे पालखी, ढोल, सगळी तयारी. लीला सकाळी दोनदा मरून झाली होती. दुपारी तिला वैद्यीण होऊन मंडपात यायचं होतं. कपडे बदलायला ती मला कपाळाला बांधून दगडी बांधावरून धावत निघाली आणि तिचा पाय निसटला.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिच्या कपाळाला फुटलेला घाम माझ्यात मुरला, गार घाम. बांधाखाली वाळक्या पानांत ती एका कुशीवर पडली होती, आणि तेवढ्यात ढोल वाजत राणीची मिरवणूक त्याच वाटेने आली.

पुढून भालदार गेला. त्याने मला पाहिलं आणि नजर वळवली. मागून दोघं-तिघं गेले, त्यांच्या नजराही तशाच वळल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी पांढरं पाहिलं की मान फिरवायची हे दोन वर्षं गिरवलं होतं, आणि ते गिरवून घेणारी मीच होते. त्यांना माझ्याखालचं तोंड दिसलंच नाही. मग प्रणिता आली.

प्रणिताने पाहिलं. आधी मला, मग माझ्याखाली. लीलाचे डोळे उघडे होते, ओठ पांढरेफटक. प्रणिताचं पाऊल अडखळलं. मी मनात ओरडत होते, अगं थांब, थांब! मी नसते तर एक वेळ वाटलं असतं की लीला मरायचं सोंग करतेय. पण मी होते ना कपाळाला! मी असताना सोंग नसतं. मी आहे म्हणजे पडलेली आहे ती खरी लीला, आणि दुखतंय तेही खरंच. प्रणिताला हे कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर ते कळणं उमटलेलं मी पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "राणीसाहेब, काय आहे तिथे?"

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

नंतर काय झालं ते मला फक्त ऐकू येत होतं. मंडपात ढोल थांबले, तह वाचून झाला, टाळ्या झाल्या. मग वैद्यीण कुठाय, वैद्यीण कुठाय म्हणून हाकाटी सुरू झाली. अजिंक्य वैतागून म्हणाला, "ही लीला ऐन वेळेला कुठे तडमडली?" तडमडलीच होती हो ती! हाकेच्या अंतरावर बांधाखाली तडमडली होती. मंडपात एकीला ती जागा ठाऊक होती, आणि ती राणीच्या आसनावर बसून राहिली. ऊन अंगावर आलं. लीलाने उठायला बघितलं आणि कळ मस्तकात जाऊन तिची शुद्ध हरपली.

तिला शोधलं लक्ष्मीदेवींनी. बागेच्या राखणदाराची बायको. गाईला गवत कापायला आल्या होत्या. त्यांना ना राज्य माहीत ना नियम. "अय्यो, यारो बिद्दिदारे!" कुणीतरी पडलंय म्हणून त्यांनी बाग डोक्यावर घेतली. मला बघून त्यांना वाटलं डोक्याला मार लागलाय, म्हणून त्यांनी जखम बघायला मला सोडलं. दोन वर्षांत मला बघून जवळ आलेलं ते पहिलं माणूस. लाजेने मी त्यांच्या मुठीत चोळामोळा झाले. खाली जखम नाही हे बघून त्यांनी मला लीलाच्या पिशवीत कोंबलं आणि पदराने तिला वारा घालत बसल्या.

पायाचं ऑपरेशन झालं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले, उन्हात इतका वेळ राहायला नको होती, थोडक्यात निभावलं. आता लीला बनशंकरीच्या फ्लॅटमध्ये गादीवर आहे, आणि पिशवीतल्या कपड्यांबरोबर धुतली गेलेली मी समोर खिडकीच्या गजाला वाळत टांगलेली. काढायचं कुणी नाव घेत नाही.

प्रणिताने मात्र कमाल मांडली आहे. रजा काढली. सकाळी सांजा, दुपारी वरणभात, संध्याकाळी कोपऱ्यावरून सेट डोसा. उशी नीट करते, केस विंचरते, गोळ्या हातात देते. लीला म्हणते, "इतकं काय करायलीस ग? सासू आहे का मी तुझी?" प्रणिता हसते, पण गजाकडे बघत नाही. खिडकी लावायलासुद्धा मान वळवून येते. मला ते बघवत नव्हतं. अपराध दोघींचा, तिचा आणि माझा, आणि सेवा एकटी तीच करत होती. मला तर तेवढंही करता येत नव्हतं.

परवा अजिंक्य आला, सफरचंदं घेऊन. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "लीला, फायनल. पुढच्या सीझनला तू प्लेयर. घाटावरची जकातवाली. सगळ्यांनी ठरवलंय."

"बघू की. आधी पाय तर खाली टेकू दे."

"खूप वाईट वाटतंय गं सगळ्यांना. पण कुणी पाहिलंच नाही ना! कुणी पाहिलं असतं तर एका मिनिटात..." त्याने पुढचं हाताने सांगितलं. तेवढ्यात प्रणिता चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

तो गेला. तिने कप उचलले, विसळले, पालथे घातले. मग हात न पुसताच येऊन लीलाच्या पायथ्याशी बसली.

"लीला, मी पाहिलं होतं तुला."

प्रणिताला आता थांबता येईना. "म्हणजे बघूनच कळलं मला. यू वेअर सो पेल! मला वाटलं सीन संपला की लगेच येते, पाच मिनिटांत. मग तह झाला, मग सगळे मिठ्या मारायला लागले, आणि मग... मग तर आणखीच सांगता येईना की मला माहीत होतं. इतका वेळ का गप्प होतीस म्हणाले असते. मी फार वाईट आहे गं."

मी गजाला घट्ट धरलं. आता लीला ओरडेल, ओरडावंच तिने, असं मला वाटत होतं. लीला छताकडे बघत होती.

"मीबी बघितलो की तुला," ती म्हणाली.

"काय?"

"तू माझ्याकडं बघितलीस तवा मी तुझ्याकडंच बघत होतो."

"मग हाक का नाही मारलीस? होल्ड तरी म्हणायचंस! एकदा ओरडली असतीस तरी..."

"कपाळाला पट्टी होती ग. मी नव्हतोच की तिथं." लीलाचा आवाज एवढा साधा होता की मला गजावरून गळून पडावंसं वाटलं. "आणि दोन वर्षं राबलीस तू त्या तहासाठी. म्हटलं, तिचा खेळ कशाला मोडू. हाक मारायला लागू नये असं वाटलं बघ. तू वाकशील वाटलं."

प्रणिताने तोंड पदरात घालावं तसं ओढणीत घातलं आणि रडली. लीलाने तिला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. मग म्हणाली, "जकातवाली मी होणार नाही. अजिंक्यला तूच सांग. आणि पाय उजवीकडं सरकव तेवढा, अवघडलाय."

प्रणिताने डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी, हळू, पाय सरकवला.

इतके दिवस मी समजत होते की माझ्यामुळे बाकीच्यांना लीला दिसेनाशी झाली. त्याचीच मला लाज होती. पण तिला स्वतःलासुद्धा ती दिसेनाशी झाली होती. पाय मोडून पडलेली पोर, आणि आपण इथे नाही म्हणून हाक मारत नाही! हे माझं काम, अंबूबाईंनी एवढ्या मायेने शिवलेल्या कापडाचं काम. आता माझं मलाच पिळून काढावंसं वाटतं.

पुढच्या रविवारी खेळ आहे. अजिंक्यने सगळ्या पट्ट्या धुऊन मागितल्या आहेत, म्हणजे मी जाणार, आणि कुणाच्या तरी कपाळाला पुन्हा बसणार. पट्टीला नाही म्हणता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. मला बांधलंत आणि दुखलं-खुपलं, तर आधी मला ओरबाडून फेका आणि बोंब मारा. खेळ मोडला तर मोडू दे. आणि मला बघून नजर वळवायची सवय ज्यांना लागली आहे त्यांनो, एवढंच करा. नजर माझ्यावर पडली की ती वळवण्याआधी स्वल्प खाली आणा. तिथे कुणीतरी तुमची वाट बघत असतं.