फुगणारी भिंत

"देवाशपथ सांगतो, पेशकारसाहेब, दुपारी ही भिंत फुगली व्हती!" गुरप्पा सुतार कळवळून म्हणाला.

कचेरीतल्या पेशकारांनी मावळत्या उजेडात गाडीच्या भिंतीवरच्या पत्र्यावरून हात फिरवला. पत्रा सपाट होता. "अरे मिस्त्री, सब सीधाइच है. नजर गई तुम्हारी. कल दोपहर को गाडी ले जाते. अब से सरकारी काम उदगीरवाला मिस्त्री करेगा."

झालं! सगळं चिटगुप्पा गाव ज्याच्या नजरेवर गाड्या बांधून घेई, त्याचीच नजर गेली म्हणे! दौऱ्यावरच्या साहेबांसाठी गुरप्पानं चार चाकांवर लाकडी खोली बांधली, बाहेरून पत्रा मारला, आणि वैशाखाच्या दुपारी तो पत्रा पोट सुटल्यागत बाहेर आला. गडी घाबरला. पत्रा उचकटून त्यानं आतले वासे रंध्यानं सपाट केले, पुन्हा जास्तीचे खिळे ठोकले. दुसऱ्या दुपारी परत तेच. संध्याकाळी बघावं तर काही नाही! गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण वाकडं काम द्यायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं आपणहून पेशकारांना सांगितलं.

"माजे डोळे खरंच गेले का गं?" रात्री जेवताना त्यानं बायकोला विचारलं.

"कामून असं बोलायलाव?" निलम्मा म्हणाली. पण तीही धास्तावली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन आली, तेव्हा पेशकारांची माणसं बैल जुंपत होती.

"अगं बाई! फुगलीय की ही!" तिनं भिंतीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. "अवं, चाकाची लोखंडी धाव तुमी कामून तापवताव?"

"तापल्यावर वाढती म्हणून. मग चाकावर चढ..." गुरप्पानं कपाळावर हात मारला. जन्मभर लोखंड तापवून वाढवलं, आणि एवढं ध्यानात येऊ नये? चारी कडांनी खिळलेला पत्रा वाढून जाणार कुठं?

"थांबा! खिळं ढिलं करतो!" तो धावला.

"हुकूम न्हाई, मामा. उदगीरवाला बघंल," गाडीवान म्हणाला, आणि गाडी हलली.

गुरप्पा रस्त्यात उभा राहिला. गाडी लांब गेली, धुरळ्यात शिरली. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"चला घरी," निलम्मा म्हणाली.

"थांब गं. ती बघ, वळणावर. मधोमध बोटभर फुगलीय. मला दिसायलंय, निलम्मा. समदं दिसायलंय."

निलम्माला धुरळ्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली.